तगरीला हात लावू नकोस

नांदे, १४ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझा मेल मिळाला. दीड वर्षात तू मला लिहिलेला हा सगळ्यांत मोठा मेल. मोजून पाच ओळी. एरवी दर महिन्याला तुझी एक ओळ येते, 'तगर कशी आहे?' मी फोटो पाठवतो, तू 'पोचला' म्हणतेस. फोन तर आईला अग्नी दिला त्या दिवसापासून तू उचललेला नाहीस. तक्रार करत नाहीये, नुसतं सांगतोय.

तर तू डिसेंबरात येतेयस. छानच. तगरीच्या बुंध्याशी उकरून आईची एखादी अस्थी आणि मूठभर माती हॅम्बुर्गला नेणार, तिथं कुंडीत तगर लावणार, हेही वाचलं. दोनदा वाचलं. ये, नक्की ये. थंडी असेल, पण हॅम्बुर्गवालीला आम्ही थंडीचं काय सांगावं.

योगायोग बघ, मी नेमकं आत्ताच पुढचं अंगण नव्यानं करून घ्यायचं ठरवलंय. आई गेल्यापासून तिकडे कोणी बघितलेलंच नाही. मी सकाळी साडेआठला हिंजवडीला जातो, रात्री आठला येतो. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेतो आणि घरातल्या चुकांकडे बघत नाही. बोगनवेल शेजाऱ्यांच्या गच्चीत चढली, गवत गुडघ्याएवढं झालं. त्यात गेल्या आठवड्यात पायरीपाशी साप दिसला. तुला माहितीय मी कसा आहे. तीन दिवस मागच्या दारानं ये-जा केली.

कोळवणचा बहिरू नावाचा माळी मिळालाय. या भागातल्या सहा-सात बंगल्यांच्या बागा तोच बघतो. मोटारसायकलला मागे क्रेट बांधून रोपं आणतो आणि प्रत्येक झाडाबद्दल असं बोलतो की जणू सोयरीक जुळवायला आलाय. मी त्याला म्हटलं, मला असं अंगण दे की सहा महिने बघितलं नाही तरी चालेल. तो म्हणाला, "मंग दुरांटा नको. त्यो दर पंधरवड्याला कातर मागतोय. बोगनवेल तर मालकालाच घराभाईर काढती. कन्हेर लावा साहेब. पानी न्हाई घातलं तरी हासत ऱ्हाती, गुरं तोंड लावत न्हाईत." मी विचारलं, विषारी असते ना? "खाल्ली तर इख हाय. पर तुमच्यात खानार कोन?"

तर तुला विचारतोय, कारण आईनंतर झाडांतलं कळतं ते तुलाच. फाटकाच्या दोन्ही बाजूंना कण्हेर, भिंतीलगत एक्झोरा की मधुकामिनी, पायऱ्यांशी कोरफड आणि मध्ये सगळीकडे खडी. खडीला काही करावं लागत नाही. तगर बरोबर त्या मधल्या जागेत येते, पण तिचं बघू काहीतरी.

मन्या


२१ सप्टेंबर

ताई,

'अंगणाचं काय हवं ते कर. तगरीला हात लावू नकोस.' एवढंच लिहिलंस. बरं. नाही लावत.

कालपासून आईचं बोलणं आठवतंय. तिला शेवटच्या आजारपणात हौसच होती पुढच्याची व्यवस्था लावायची. "मला नदीत सोडू नका रे, तिला आधीच काय कमी सोसावं लागतंय. माझी रक्षा अंगणात पुरा आणि वर तगर लावा." मी म्हटलं, तगरच का, चाफा का नको? तर म्हणाली, "तगरीला कोणी विचारलं नाही तरी ती जगते. मन्याच्या हातून जगेल असं तेवढं एकच झाड आहे." तू व्हिडिओ कॉलवर होतीस, तूच सगळ्यात जास्त हसलीस. त्यानंतर आपण तिघं एकत्र हसलो नाही.

एक सुचवू का? रागावू नकोस. दीड वर्ष जमिनीत राहिल्यावर अस्थी अशा काय राहणार? उकरलं तर मुळं दुखावतील, आणि हाती काही लागलं नाही तर तुला उगाच त्रास. शिवाय विमानतळावर बॅगेत हाडं सापडली तर काय उत्तर देणार आहेस? मी इंटरनेटवर वाचलं, कागदपत्रं लागतात. मला तर वाचूनच घाम फुटला. त्यापेक्षा तू इथं ये, तगरीपाशी बस, हवी तर फांदी ने.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तू मला लहानपणी चिडवायचीस. जिन्यातला दिवा लावायला माझ्याबरोबर यायचीस आणि वर पोचल्यावर मुद्दाम पळून जायचीस. मला ते अजून आठवतं. पण मी चिडलेलो नाही.

कामाला दसऱ्यानंतर सुरुवात. बहिरू म्हणतो, पाऊस ओसरला की रोपं लगेच धरतात.

मन्या


४ ऑक्टोबर

ताई,

हे कसं लिहायचं ते कळत नाही. चार वेळा लिहून खोडलं.

तगर गेली.

काल काम सुरू झालं. मी ऑफिसात होतो. बहिरू आणि त्याच्याबरोबरचे दोघे सकाळी आले, गवत, बोगनवेल, जुनी मेंदी, सगळं काढलं, आणि त्यातच तगरही उपटली. खालची माती दोन फूट खणून टेम्पोत भरली, कारण खडी टाकायची तर जमीन सपाट लागते. संध्याकाळी मी आलो तेव्हा टेम्पो जाऊन आलेला होता. राडारोडा कुठेतरी नाल्याकाठी टाकतात, तिथं टाकला म्हणे.

त्याला माहीत नव्हतं तिथं काय आहे. माणूस गरीब आहे, कामाला प्रामाणिक आहे. चूक त्याची आहे, पण मुद्दाम केलेली नाही. तू त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव हवं तर, मी थांबायला हवं होतं घरी.

तू डिसेंबरात ये मात्र. तिकीट रद्द करू नकोस. आईला अग्नी द्यायला मी दोन दिवस थांबलो नाही म्हणून मागच्या वेळी केलंस तसं करू नकोस.

मन्या


११ ऑक्टोबर

ताई,

तू बहिरूचा नंबर मागितलास, मी दिला. द्यायला नको होता. पण तुला नाही म्हणण्याइतकं धैर्य माझ्यात कधी होतं?

तू त्याच्याशी बोललीस हे मला त्याच्याकडूनच कळलं. मंगळवारी संध्याकाळी आला. फाटकाबाहेर चपला काढून उभा राहिला. एरवी हा माणूस चपलांसकट वाफ्यात असतो. म्हणाला, "ताई लई रडल्या वो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हनल्या, बहिरूदादा, माजी आई उपटली तुमी." शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, आदी सांगायचं व्हतं ना."

त्याची बायको रेश्मा गरोदर आहे, आठवा चालू आहे. मागच्या वर्षी एक बाळ गेलं त्यांचं. हे मला माहीत नव्हतं. त्याची आई सारजाबाई, तिनं ऐकल्यापासून घरात चूल कशी पेटतेय ते एक देव जाणे. ती म्हणते, त्या बाईचं बसलेलं ठाणं आपल्या हातानं उठवलं, आता ती कुठं जाणार? घरात पोटुशी आहे तिथंच येणार. मी म्हटलं, असं काही नसतं. माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसला नाही, त्याचा काय बसणार.

बहिरू चार दिवस झाले, नाल्याकाठी जाऊन तो राडारोडा हातानं चिवडतोय. तगरीचं खोड सापडलं त्याला, वाळलेलं. ते घरी नेऊन बांधावर लावलं. पण अस्थी सापडत नाहीत. काल मला पुन्हा विचारायला आला होता तो हेच, "साहेब, मडक्यात व्हत्या का फडक्यात?"

मी म्हटलं, फडक्यात. लाल.

काहीतरी सांगितलं की जाईल, असं वाटलं मला. तो गेलाही. पण घरी नाही, परत नाल्यावर गेला.

तू त्याला पुन्हा फोन करू नकोस. आणि एक विचारायचं होतं, त्या फोनवर त्यानं तुला दुसरं काही सांगितलं का? म्हणजे माझ्याबद्दल? नसेल सांगितलं तर राहू दे.

मन्या


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताई,

आज ओवाळणीचा दिवस, आणि मी तुला काय पाठवतोय बघ.

बहिरू दहा-बारा दिवस फोन उचलत नव्हता. अंगण अर्धवट पडलंय, मधोमध खड्डा तसाच आहे. रोज सकाळी फाटकातून बाहेर पडताना मी त्या खड्ड्याला वळसा घालून जातो. आज सुट्टी होती, म्हणून पिरंगुट-पौडवरून कोळवणला गेलो. भातं पिवळी पडलीत, काही ठिकाणी कापणी लागलीय. वाटेतल्या प्रत्येक घरावर आकाशकंदील. बहिरूचं घर मला कोणाला विचारावं लागलं नाही. साऱ्या आळीत दिवे-रांगोळ्या नसलेलं तेवढं एकच घर होतं.

सारजाबाई ओट्यावर बसली होती. मी नाव सांगितलं तशी उठून उभी राहिली, त्या वयात. म्हणाली, "या बाबा. आमाला सुतक हाय, च्या करता यायचा न्हाई."

मी विचारलं, कोण गेलं?

"तुमची आई की."

ताई, ते आपल्या आईचं सुतक पाळतायत. बहिरूनं दाढी केलेली नाही. तो घरात झोपत नाही, गोठ्यात झोपतो. दिवाळीचं गोडधोड नाही, कोणाला नवे कपडे नाहीत. सारजाबाई म्हणाली, "आमच्या हातनं उठली, तर ती आता आमच्याच घरची. अस्थी घावल्या का नीट बसवू तिला. तवर कसला सन?" हे ती रागानं म्हणत नव्हती. माझी समजूत काढत होती. आणि मी आईच्या दहाव्याला लॅपटॉप उघडून मीटिंग केली होती.

रेश्मा आतून पाणी घेऊन आली. चेहरा पांढरा पडलाय तिचा. तांब्या ठेवून लगेच दाराआड झाली. पोरगी वीस-बावीसची असेल. मला बघून घाबरली, मला, ज्याला झुरळसुद्धा घाबरत नाही.

आता जे लिहितोय ते वाचून मेल बंद करू नकोस.

साप वगैरे काही नव्हता. पाण्याचा पाइप होता, मी तुला साप म्हणून सांगितलं. आणि तगर बहिरूच्या चुकीनं गेलेली नाही. त्या सकाळी मी ऑफिसला गेलोच नव्हतो. पायरीवर उभा होतो. बहिरूनं तगरीच्या बुंध्याला हात लावून मला विचारलं होतं, "साहेब, ही तगर लई जोमाची हाय. हिला कायबी करावं लागत न्हाई, तुमाला पायजे तशीच हाय. ठिवू का?" मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "बगा बरं." मी पुन्हा म्हटलं, काढ, आणि खालची मातीपण ने.

हे त्यानं तुला फोनवर सांगितलं नाही. मला नंतर तोंडावरही बोलला नाही. आज गोठ्यापाशी त्याला विचारलं, का नाही सांगितलंस ताईंना? तर म्हणाला, "तुमा भावा-भनीचं आदीच बोलनं न्हाई. त्यात मी आनखी काय घालू? आन् कुदळ तर माज्याच हातात व्हती."

का काढायला लावलं, हे तू विचारशील. ते मला आज लिहवत नाही. दोन-तीन दिवस दे.

मन्या


२ नोव्हेंबर

ताई,

तुझे तीन मेल आले. तिन्हींत एकच शब्द, 'का?' दहा दिवस मी उत्तर दिलं नाही. आज देतोय, कारण आता माझ्या भीतीपेक्षा दुसऱ्या कोणाची तरी भीती मोठी झालीय.

आधी परवाचं सांगतो. शुक्रवारी बहिरू सकाळीच आला. तोंडावर हसू होतं, महिन्याभरात पहिल्यांदा. हातात फडक्याची पुरचुंडी, दोन्ही हातांवर धरलेली. म्हणाला, "साहेब, घावल्या." नाल्याकाठी, त्याच ढिगाजवळ त्याला लाल फडक्याची चिंधी सापडली आणि तिच्याभोवती आठ-दहा बारकी हाडं. त्यानं ती दुधानं धुवून, नव्या फडक्यात बांधून आणली होती.

मी पुरचुंडी उघडून बघितली. ताई, त्या नाल्यावर दोन ढाबेवाले रोजचा कचरा टाकतात. ती कोंबडीची हाडं होती.

आता माझ्या मनात काय आलं ते ऐक. पहिला विचार आला, सुंठीवाचून खोकला गेला. घ्यायची ही पुरचुंडी, त्याच खड्ड्यात पुरायची, वर नवी तगर लावायची. बहिरू सुटतो, त्याची बायको सुटते. डिसेंबरात तू येतेस, उकरतेस, तुला खरोखर हाडं सापडतात. तू रडतेस, मला जवळ घेतेस, एक तुकडा हॅम्बुर्गला नेतेस. सगळ्यांचं चांगलं होतं. मी हात पुढे केलासुद्धा होता. मग मला दिसलं, तू रोज सकाळी कुंडीपुढे उभी आहेस आणि कोंबडीच्या हाडाशी बोलतेयस, आई, आज कामावर जरा उशीर झाला हं. माझा हात मागे आला.

तगरीखाली आई कधीच नव्हती, ताई.

तिसऱ्या दिवशी सावडायला आम्ही तिघं होतो, मी आणि ऑफिसातले दोघे. स्मशानातल्या माणसानं गाडग्यात अस्थी घालून तोंडाला लाल फडकं बांधून दिलं. म्हणाला, घरात नेऊ नका, बाहेर झाडाला टांगा, आणि जे करायचं ते उद्या उजाडल्यावर करा. ऑफिसातले दोघे निघून गेले. अंगणात टांगण्याजोगं झाड नव्हतं, म्हणून मी गाडगं फाटकाच्या आतल्या बाजूला, गजाला बांधलं आणि घरात येऊन बसलो. दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं. रात्र असती तर घाबरायला निदान कारण तरी होतं. वारा सुटला आणि गाडगं फाटकाच्या पत्र्यावर आपटायला लागलं. टक. टक. थांबून पुन्हा टक. आईची आंघोळ झाली की ती बाथरूमच्या दारावर आतून तशीच बोटानं वाजवायची, टॉवेल दे रे म्हणून.

मला वाटलं, ती आत घे म्हणतेय. आणि मी दार उघडलं नाही. उशीत तोंड खुपसून सोफ्यावर पडून राहिलो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

पाचला उठलो. गाडगं गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि मुळा नदीच्या पुलावर गेलो. खाली घाटावर उतरायचं, हात जोडायचे, एवढं डोक्यात होतं. पण पुलावर गाडी थांबवली आणि मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न लावला. मी खाली उतरलो, गाडगं उचललं आणि कठड्यावरून टाकलं. नमस्कारसुद्धा केला नाही. पाण्यात पडल्याचा आवाजही हॉर्नमध्ये ऐकू आला नाही. जिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, मला नदीत सोडू नका, तिला मी असं सोडलं.

परत येताना नर्सरीतून तगर घेतली. सहा वाजता लावली. सव्वासहाला तुला फोटो पाठवला, 'आई अंगणात आहे.' त्यानंतर दर महिन्याला तू विचारत राहिलीस आणि मी फोटो पाठवत राहिलो. ते झाड वाढायला लागलं तसा मी त्याला घाबरायला लागलो. त्याला पाणी घालायचो नाही, वाटायचं आपोआप मरून जाईल. पण तगर ती, आई म्हणाली होती तशी, जगली. आणि मग तुझा उकरायचा मेल आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, मी अंगणच खणून काढलं.

हे सगळं मी परवा बहिरूला सांगितलं. पायरीवर शेजारी बसवून, अथपासून इतिपर्यंत. पुलासकट, हॉर्नसकट. तुला सांगायच्या आधी त्याला सांगितलं, कारण तुझ्यापेक्षा त्याला सांगणं सोपं होतं. मला वाटलं होतं तो शिवी देईल, निदान उठून जाईल. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, तुमी माजं मन राकाया बोलताय."

मी शपथ घेतली. आईची घेतली. तो म्हणाला, "तुमी भल्या मनाचे हायेत. रेश्माच्या काळजीपाई खोटं बोलताय. मला कळतंय." मी त्याला गाडीत घालून पुलावर नेलं, ती जागा दाखवली. कठड्याशी उभं राहून त्यानं पाण्याला हात जोडले, जे मी केलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खाली कायच नव्हतं, तर मंग ताई कशापाई रडल्या? एवढं मानूस फुकाचं रडत न्हाई."

माझं खोटं त्यानं एका शब्दात खरं मानलं, आणि खरं सांगितलं तर ते त्याला माझा चांगुलपणा वाटतो.

पुरचुंडी मी घेतली नाही, तर तो ती परत घेऊन गेला. काल पुन्हा कोळवणला जाऊन आलो. दारातल्या जांभळीच्या फांदीला टांगलीय. रिवाजच आहे तो, घरात न्यायची नाही. सारजाबाई म्हणते, "भाऊ वळकत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. लेक येऊन वळकंल. लेकीला आई वळकती." तू येईपर्यंत ती तिथंच राहणार आहे. रोज सकाळी खाली पाणी शिंपडतात, संध्याकाळी दिवा लावतात. आणि रेश्मा, नववा लागलेली ती मुलगी, अंगणात येत नाही. गोठ्याच्या मागून वळसा घालून पाण्याला जाते. मी तिथं होतो तेव्हा वारा आला आणि पुरचुंडी हलली. ती दारात होती. तिनं पोटावर दोन्ही हात घट्ट धरले आणि आत गेली. ताई, ती भीती मी ओळखतो. ती माझी आहे. मी तिला दिलीय.

तिचं वजन घटलंय. पौडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईला काही झालेलं नाही, कसली तरी धास्ती घेतलीय, ती काढा. तिला पंचवीस तारीख दिलीय, याच महिन्याची. तुझं विमान डिसेंबरात आहे.

माझं त्यांच्याकडे कोणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील. तू रडलीस, म्हणून तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. तुला एवढंच सांगायचंय की तगरीखाली आई नव्हती, ती पुरचुंडी सोडा, माझ्या आईचा तुमच्यावर राग नाही. मला माहीत आहे मी काय मागतोय. हे त्यांना सांगायचं तर आधी तुला ते स्वतःला सांगावं लागेल. दीड वर्षं जिथं आई आहे असं तू धरून चाललीस, तिथं ती नाही, आणि ज्यानं हे केलं त्याच्याच सांगण्यावरून तुला फोन उचलायचाय. तो झाला की माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस. मला त्याचीही भीती वाटते, खूप वाटते, पण आता ती माझी मी बघीन.

सारजाबाई सकाळी सहाला दिव्याची वात काढायला बाहेर येते, तेव्हा बहिरू गोठ्यात असतो आणि फोन त्याच्या उशाशी असतो. तेव्हाच फोन कर, आणि तो रेश्मालाही द्यायला सांग.

नंबर तुझ्याकडे आहेच.

मन्या